हेडलाइटच्या काचेवरचे ओरखडे: दुरुस्ती कुठवर करावी आणि दिवा केव्हा बदलावा

पार्किंगच्या खांबाला घासून, अरुंद गल्लीत शेजारून गेलेल्या दुचाकीचे हँडल लागून किंवा पुढच्या गाडीच्या बंपरला टेकून हेडलाइटवर ओरखडे उमटले, की गाडीमालकाला सहसा दोनच सल्ले मिळतात. एक जण दहा मिनिटांत चकचकीत करून देतो म्हणतो, तर दुसरा आख्खा दिवाच बदलायला सांगतो. बऱ्याचदा योग्य उपाय या दोहोंच्या मधला असतो आणि तो थोड्या साहित्यानिशी, एका सकाळी, सोसायटीच्या पार्किंगमध्येही करता येतो. त्यासाठी दिव्याची पुढची काच कशाची बनलेली आहे आणि तिचे नेमके काय बिघडले आहे, हे आधी नीट पाहावे लागते.

प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसेडर किंवा जुन्या मारुती ८०० च्या दिव्यांना खरी काच असे. आजच्या गाड्यांमध्ये तिच्या जागी पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक प्लास्टिक असते. युरोपीय प्रमाणानुसार शिक्का मारलेल्या दिव्यावर ‘पीएल’ ही रोमन अक्षरे दिसली, तर ती प्लास्टिकची काच असल्याची खूण समजावी. पॉलिकार्बोनेट हलके असते, दगड लागला तरी सहसा फुटत नाही; पण त्याचा पृष्ठभाग मऊ असतो आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळे पडते. म्हणून कारखान्यातच त्यावर काही मायक्रॉन जाडीचा, कडक आणि पारदर्शक संरक्षक थर चढवलेला असतो. दिव्याचे सारे आयुष्य या थरावर अवलंबून असते. त्यामुळे दुरुस्तीच्या प्रत्येक पायरीवर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा थर अजून शाबूत आहे का, आणि नसेल तर त्याच्या जागी आपण काय लावणार आहोत?

आधी तपासणी

दिवा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करा आणि सावलीत उभे राहून, तिरप्या उजेडात पाहा. घासल्याची जी खूण ओरखड्यासारखी दिसते, ती पुष्कळदा ओरखडा नसून समोरच्या गाडीचा किंवा खांबाचा रंग काचेवर चिकटलेला असतो. मायक्रोफायबर कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसल्यावर तो रंग निघाला, तर काम तिथेच संपते. रंग काढण्यासाठी थिनर, अॅसिटोन किंवा पेट्रोल मात्र कधीही वापरू नका. ही द्रावणे पॉलिकार्बोनेटवर हल्ला करतात, काच धुरकट होते किंवा तिच्यात केसासारख्या बारीक तडा जातात, आणि त्या तडा कोणत्याही पॉलिशने भरून निघत नाहीत.

ओरखडा खराच असेल तर त्यावरून आडवे नख फिरवा. नख अडकले नाही, तर ओरखडा बहुधा वरच्या थरातच आहे. नख अडकले, तर तो थर भेदून प्लास्टिकपर्यंत गेला आहे असे धरून चाला. यानंतरची परीक्षा पाण्याची. ओरखड्यावर पाण्याचा पातळ थर पसरवला की तो दिसेनासा होत असेल, तर पॉलिशने किंवा वरून पारदर्शक लॅकर (फवारून चढवायचा संरक्षक लेप) चढवून तो झाकला जाईल. ओल्या काचेतही तो तितकाच ठळक दिसत राहिला, तर तो खोल आहे. घासून त्याची तीव्रता कमी करता येईल, पण तो पूर्ण जाईलच असे गृहीत धरू नये.

शेवटी दिव्याच्या आत डोकवा. काचेच्या आतल्या बाजूला धुरकटपणा असेल, मागचा चकचकीत परावर्तक जळून काळपटला किंवा सोलला असेल, आत पाणी साचले असेल, काचेला आरपार तडा असेल, तर बाहेरून कितीही घासले तरी उजेड सुधारणार नाही. अशा दिव्यासाठी पुढचे दोन विभाग सोडून थेट बदलण्याच्या भागाकडे जावे. दिवा हाताने हलवूनही पाहावा. धक्क्यात काच वाचते पण दिव्याला बॉडीशी धरून ठेवणारे प्लास्टिकचे कान तुटतात, आणि मग खड्ड्याखड्ड्याला उजेडाचा झोत रस्त्यावर नाचत राहतो. काही गाड्यांसाठी अशा तुटलेल्या कानांचे तयार दुरुस्ती-ब्रॅकेट मिळतात. आख्खा दिवा घेण्यापूर्वी सुट्या भागांच्या काउंटरवर त्यांची चौकशी जरूर करावी.

वरवरचे ओरखडे

काच सर्वत्र स्वच्छ आहे, पिवळेपणा नाही आणि ओरखडे नखाला लागत नाहीत, अशी स्थिती असेल तर जितके कमी कराल तितके चांगले. इथे कारखान्याचा थर जपायचा असतो. दिव्याभोवतीचा बंपर, बॉनेट आणि फेंडर यांच्या कडांवर मास्किंग टेपचे दोन पदर लावा, काच ओली करा, आणि ३००० नंबरच्या ओल्या वॉटर पेपरने (पाण्यात भिजवून वापरायचा घासण्याचा कागद; नंबर जितका मोठा तितका तो बारीक) फक्त ओरखड्याच्या जागी, अगदी हलक्या हाताने थोडा वेळ घासा. नंतर प्लास्टिकसाठीचे बारीक पॉलिश मऊ फोमच्या पॅडवर घेऊन ती जागा उजळा. थर पातळ असल्यामुळे प्रत्येक फेरीनंतर पुसून पाहावे आणि सूक्ष्म रेघ राहिली तर ती राहू द्यावी. रात्रीच्या उजेडावर तिचा काही परिणाम होत नाही. उलट तिच्या मागे लागून थर फाडला, तर काही महिन्यांत तिथे पिवळा डाग पडायला सुरुवात होते.

टूथपेस्टने दिवे उजळण्याचा उपाय घरोघरी माहीत आहे. टूथपेस्टमध्ये सूक्ष्म घासणारे कण असतात, म्हणून तिने काच तात्पुरती उजळते हे खरे आहे; पण आधीच कमजोर झालेला थर त्यामुळे आणखी झिजतो आणि त्याच्या जागी काहीच येत नाही. डास पळवणारा स्प्रे फवारून दिवा पुसण्याची युक्ती तर त्याहून घातक आहे, कारण त्यातले रसायन प्लास्टिकचा पृष्ठभाग मऊ करते आणि ओघळ रंगावर गेला तर गाडीचा रंगही खराब होतो. रस्त्याकडेला छोट्या किटलीतून वाफ सोडून काच झटक्यात पारदर्शक करून देणारेही आता पुष्कळ ठिकाणी दिसतात. त्या वाफेत क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेनसारखी द्रावणे असतात. ती प्लास्टिकचा वरचा पापुद्रा वितळवून गुळगुळीत करतात, पण आत ताण ठेवून जातात, आणि त्यातून पुढे काचेत जाळीदार तडा पडू शकतात. शिवाय ही वाफ श्वासावाटे घेणाऱ्या माणसाला, म्हणजे आधी त्या कारागिराला, गंभीर अपाय करते. या पद्धतीला माझा स्पष्ट विरोध आहे.

खोल ओरखडे आणि पिवळी पडलेली काच

नख अडकणारे ओरखडे किंवा पिवळेपणा असेल तर जुना थर पूर्ण उतरवून नवा चढवावा लागतो. यात अर्धवट काम चालत नाही. ८०० नंबरच्या पेपरने केवळ एक कोपरा घासला, तर जिथे थर संपतो आणि उघडे प्लास्टिक सुरू होते तिथे नकाशासारखी कड दिसते, आणि पुढे उघडा भाग वेगळ्या रंगाचा होतो. एकदा जाड पेपर हातात घेतला की पूर्ण काच घासण्याची तयारी ठेवूनच सुरुवात करावी.

साहित्य असे लागेल: ६००, ८००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर, फवाऱ्याची बाटली, भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकलेले पाणी, मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रे, आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन-तीन स्वच्छ मायक्रोफायबर कापडे आणि हेडलाइटसाठीचा अतिनील-रोधक पारदर्शक लॅकर. पेपर विकत घेताना तो पाण्यात वापरण्याजोगा आहे याची खात्री करा. सुतारकामाचा पेपर पाण्यात विरघळतो आणि त्याचे सुटलेले कण नवे ओरखडे पाडतात.

दिवस निवडणेही महत्त्वाचे आहे. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे लॅकर वाळताना पांढुरका पडतो, तर एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी तापलेल्या काचेवर तो पसरण्याआधीच सुकतो. कोकणपट्टीत आणि मुंबईत हे काम डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दिवसांत उत्तम होते. वारा आणि धूळ नसलेली सावलीची जागा मात्र कुठेही, कोणत्याही ऋतूत हवीच.

पेपर अर्धा तास पाण्यात भिजवा आणि दिव्याभोवती टेप लावा. पिवळेपणा व ओरखडे मध्यम असतील तर ८०० पासून, फारच खोल असतील तर ६०० पासून सुरुवात करून मग ८०० घ्या. पेपर फोमच्या किंवा रबराच्या छोट्या ठोकळ्याला गुंडाळा, कारण बोटांनी दाबून घासले तर बोटांखाली खळगे पडतात आणि रात्री झोतात त्यांच्या सावल्या उमटतात. आडव्या, सरळ, एकाच दिशेच्या हातांनी घासत राहा आणि पाणी अजिबात कमी पडू देऊ नका. सुरुवातीला ओघळणारे पाणी पिवळट असेल. तो ऑक्सिडीकरण झालेला जुना थर आहे. पाणी दुधासारखे पांढरे येऊ लागले आणि पुसल्यावर काच सर्वत्र सारखी धुरकट दिसू लागली, की थर पूर्ण उतरला. कुठे चकाकणारे बेट उरले असेल तर तिथे जुना थर अजून आहे, म्हणून तेथे पुन्हा घासा. या टप्प्यावर काच इतकी वाईट दिसते की दिवा वाया गेला असे वाटून पहिल्यांदा करणाऱ्याचे मन कचरते; पण ती तशीच दिसायला हवी.

आता १५०० नंबरचा पेपर घ्या आणि दिशा बदलून उभे घासा. मोझॅकची फरशी घासताना जाड दगडाच्या खुणा बारीक दगडाने पूर्ण गेल्याशिवाय कारागीर पुढचा दगड लावत नाही, तीच शिस्त इथे पाळायची असते. दिशा बदलल्यामुळे आधीच्या आडव्या रेघा लगेच ओळखू येतात, आणि त्यातली शेवटची रेघ जाईपर्यंत पुढच्या पेपरला हात लावायचा नाही. घाईने पुढे गेल्यास ८०० ची रेघ लॅकरखालीही दिसत राहते आणि मग सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. प्रत्येक पेपरनंतर काच धुऊन घ्या आणि बादलीतले पाणी बदला, कारण जाड पेपरचा एखादा कण बारीक पेपरखाली सापडला तर सारी मेहनत वाया जाते. १५०० नंतर २००० ने पुन्हा आडवे घासा.

इथे वाट दुभंगते. वर लॅकर फवारायचा असेल तर बहुतेक लॅकरसाठी २००० वरच थांबा. लॅकरला धरून राहायला किंचित खरखरीत पृष्ठभाग लागतो, आणि पाण्याच्या परीक्षेत पाहिल्याप्रमाणे बारीक धुरकटपणा लॅकर बसताच नाहीसा होतो. डब्यावर पेपरचा वेगळा नंबर सांगितला असेल तर तो प्रमाण मानावा. पुसून लावायचे कोटिंग किंवा पारदर्शक फिल्म लावायची असेल, तर मात्र ३००० ने घासून, कंपाउंडने (घासून चमक आणणाऱ्या पॉलिश पेस्टने) आरशासारखी चमक येईपर्यंत पॉलिश करा. यंत्राने पॉलिश करताना पॅड एका जागी थांबू देऊ नका. उष्णतेने प्लास्टिक चटकन भाजते.

लॅकर मारण्यापूर्वी काच आणि भोवतीच्या फटी पूर्ण कोरड्या करा. फटीत दडलेले पाण्याचे थेंब फवारणीच्या हवेने नेमके काचेवर येतात. मास्किंग पुन्हा नव्याने लावा, फेंडर आणि बॉनेट वर्तमानपत्राने दूरपर्यंत झाका, काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर तिला हात लावू नका. डबा सुमारे १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर धरून पहिला हात अगदी हलका, धुके पसरल्यासारखा मारा. डब्यावर सांगितलेला वेळ थांबून दुसरा आणि तिसरा हात थोडा ओलसर मारा. प्रत्येक फटकारा काचेच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा, म्हणजे कडेला ओघळ येत नाही.

लॅकर दोन प्रकारचे मिळतात. एकाच घटकाचा लॅकर वापरायला सोपा, पण तुलनेने मऊ असतो. डब्याच्या तळाची पिन दाबून आतला हार्डनर मिसळायचा दोन घटकांचा लॅकर फार टिकाऊ होतो, मात्र त्यात आयसोसायनेट असते आणि ते फुप्फुसांना गंभीर इजा करते. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला अडवू शकत नाही. रासायनिक वाफेसाठीचा कार्ट्रिज फिल्टरवाला मास्क, हातमोजे आणि मोकळी हवा यांची सोय नसेल, तर हे काम डेंटर-पेंटरच्या बूथमध्ये करून घ्यावे. घासण्याचे काम स्वतः करून केवळ लॅकर त्याच्याकडून मारून घेणे हाही शहाणपणाचा मार्ग आहे, आणि खर्चही आटोक्यात राहतो.

लॅकर वरून सुकलेला वाटला तरी आतून कडक व्हायला त्याला वेळ लागतो. डब्यावर सांगितलेले दिवस भरेपर्यंत गाडी धुऊ नका. पुसून लावायच्या कोटिंगचे आयुष्य कमी असते आणि ते वेळोवेळी पुन्हा लावावे लागते. सतत रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या, दुचाक्यांच्या गर्दीत घासल्या जाणाऱ्या गाडीसाठी मी पॉलिश केलेल्या काचेवर पॉलियुरेथेनची पारदर्शक संरक्षक फिल्म लावणे पसंत करतो, कारण पुढचा ओरखडा फिल्मवर येतो आणि ती बदलता येते. धुरकट किंवा रंगीत फिल्म मात्र लावू नये. ती उजेड खाते.

दिवा बदलायचा ठरल्यास

बदलण्याचा खर्च विम्यातून घ्यावा का, हा प्रश्न आधी सोडवा. आपल्याकडच्या नेहमीच्या सर्वसमावेशक वाहन विम्यात प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यामागे १००० रुपये, त्यावरच्या गाडीला २००० रुपये अनिवार्य वजावट असते. समजा, छोट्या गाडीचा दिवा ८००० रुपयांचा आहे. तर ४००० घसाऱ्यात आणि १००० वजावटीत जाऊन दिव्यापोटी हाती ३००० येतात, आणि त्याबदल्यात ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाणारा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जातो. बोनसची रक्कम याहून मोठी असेल तर दावा न केलेलाच बरा. शून्य घसाऱ्याचे जोड-संरक्षण असेल किंवा महागडा एलईडी दिवा असेल, तर गणित उलटे होते.

दिवा चासी नंबर सांगूनच मागवा, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या व्हेरियंटचे दिवे वेगळे असतात. डावा-उजवा हे गाडीत बसलेल्याच्या दृष्टीने मोजतात. बल्ब, मागच्या रबरी टोप्या आणि झोत वर-खाली करणारी छोटी मोटर त्यासोबत येते का, हेही विचारा. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने आणि पर्यायी दिवे स्वस्तात मिळतात. जुना दिवा घेताना कान, परावर्तक आणि काचेची आतली बाजू उजेडात धरून पाहा. परदेशी बनावटीचा दिवा असेल तर तो डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचा आहे याची खात्री करा. युरोपीय शिक्क्याच्या दिव्यावर, समोरून पाहताना आपल्या उजवीकडे रोखलेला बाण किंवा दोन्ही टोकांचा बाण असेल तर तो इथे चालतो. बाणच नसेल तर तो उजव्या बाजूच्या वाहतुकीचा असतो, आणि त्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो.

काम सुरू करताना किल्ली काढून घ्या, बॅटरीची ऋण तार सोडा आणि दिवा थंड होऊ द्या. झेनॉन दिव्याच्या जोडणीत हजारो व्होल्टचा दाब तयार होतो, म्हणून तो घरी उघडू नये. बऱ्याच गाड्यांत दिव्याचा खालचा बोल्ट बंपरखाली दडलेला असतो, त्यामुळे बंपर निदान एका बाजूने सोडवावा लागतो. बॉनेट उघडून वरच्या क्लिपा काढा. त्यांची मधली पिन आधी उचलायची असते, नुसते ओढले की त्या तुटतात. चाकाच्या कमानीतले स्क्रू काढा आणि दुसऱ्या माणसाला बंपर धरायला लावून कड बाहेर ओढा. फॉग लॅम्प आणि पार्किंग सेन्सरच्या तारा ताणल्या जाणार नाहीत याकडे लक्ष असू द्या. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्या. क्लिपा आणि स्क्रू परत बसवताना तोच उपयोगी पडतो.

दिव्याचे तीन-चार बोल्ट बहुधा दहाच्या गोटी पान्याने निघतात. दिवा सरळ पुढे ओढा आणि मागचा कपलर, म्हणजे तारांचा प्लग, खटका दाबून काढा. तार धरून ओढू नका. नवा दिवा जुन्याशेजारी ठेवून कान आणि कपलर जुळतात का ते पाहा. हॅलोजन बल्ब नव्या दिव्यात घालताना त्याच्या काचेला बोट लावू नका. त्वचेचा तेलकटपणा लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. हात लागलाच तर अल्कोहोलने पुसून घ्या. रबरी टोपी सर्व बाजूंनी नीट बसली पाहिजे, कारण नव्या दिव्यात पाणी शिरते ते पुष्कळदा याच जागेतून. बोल्ट आधी सैल लावा, बॉनेट हळू टेकवून बॉनेट व फेंडरशी असलेली फट सारखी करा, मगच आवळा, आणि प्लास्टिकचे कान तडकतील इतके आवळू नका. बंपर बसवण्यापूर्वी बॅटरी जोडून डिपर (जवळचा, खालचा झोत), अप्पर (लांबचा झोत), पार्किंग लाइट आणि इंडिकेटर सगळे तपासा.

हीच वेळ साधून हॅलोजनच्या परावर्तकात जास्त उजेडाचे एलईडी बल्ब घालण्याचा मोह अनेकांना होतो. तो परावर्तक हॅलोजनच्या तंतूच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. प्रकाशाची जागा बदलली की झोत विस्कटतो आणि समोरच्या दुचाकीस्वाराला काही क्षण काहीच दिसत नाही. कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येही बसत नाही. एच-४ बल्ब असेल तर ६०/५५ वॉटचा चांगल्या कंपनीचा बल्ब पुरेसा आहे.

झोत लावणे

दिवा बदलला, किंवा सोडवून परत बसवला, की झोत तपासणे टाळू नका. टायरमध्ये योग्य हवा भरा, चालकाच्या जागी एकाला बसवा आणि डॅशबोर्डवरची झोत खाली-वर करण्याची चकती शून्यावर ठेवा. सपाट जमिनीवर गाडी भिंतीला चिकटवून दोन्ही दिव्यांचे मध्य भिंतीवर टेपने नोंदवा, मग गाडी सरळ ५ मीटर मागे घ्या. डिपर लावल्यावर झोताची वरची कड त्या खुणांपेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर खाली असावी, म्हणजे उतार एक टक्का होतो. गाडीच्या पुढच्या पट्टीवर किंवा दिव्यावर वेगळी टक्केवारी छापलेली असेल तर ती धरावी. झोताची कड उजवीकडे आडवी राहते आणि डावीकडे, म्हणजे आपल्या कडेच्या पदपथाच्या दिशेने, वर चढते. हा वळणबिंदू दिव्याच्या मध्यासमोर आला पाहिजे. एका वेळी एकच दिवा पाहण्यासाठी दुसऱ्यापुढे पुठ्ठा आडवा धरा. पेटत्या दिव्यावर कापड टाकून ठेवू नका. मागच्या दोन स्क्रूंपैकी एक झोत वर-खाली आणि दुसरा डावा-उजवा करतो. ते एका वेळी पाव फेराच फिरवा.

पहिल्या पावसानंतर किंवा गाडी धुतल्यानंतर दिव्याच्या आत पाहा. थोडे धुके जमून दिवा लावल्यावर जात असेल तर चिंता नाही, कारण दिव्याला श्वास घ्यायला छिद्रे ठेवलेलीच असतात. थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचत असेल, तर आधी रबरी टोपी पुन्हा बसवून पाहा, आणि तरीही पाणी आले तर बिल घेऊन वॉरंटीच्या मुदतीत दिवा बदलून मागा.